शहराला पाणी हवं, माशाला वाट हवी: सिएटलच्या नदीवर १०२ वर्षांनी दार उघडलं, पण सगळ्यांसाठी नाही

कोकणात पहिला दणकून पाऊस पडला की ओढ्या-वहाळांवर गर्दी होते. खालचे मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर निघालेले असतात. कुणी त्यांना चढणीचे मासे म्हणतं, कुणी वलगणीचे. जून-जुलैमध्ये त्यांचे रील्सही भरपूर फिरतात.

आता अशी कल्पना करा की या वहाळावर एखाद्या शहराने पाणी उचलायला बंधारा बांधला. मासे दरवर्षी येतात, भिंतीला धडकतात आणि तिथेच थांबतात. असं एक-दोन वर्षं नाही, तर १०२ वर्षं चालू राहतं.

अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या सीडर नदीवर नेमकं हेच झालं. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनमुळे सिएटल-बेलव्ह्यूच्या पट्ट्यात आज बरीच मराठी घरं आहेत. त्यातल्या अनेकांच्या नळाला याच नदीचं पाणी येतं. २००३ मध्ये शहराने बंधाऱ्यात माशांसाठी वाट केली. पण त्या वाटेवर एक पहारा आहे. काही माशांना तिथून वर सोडतात आणि काहींना मुद्दाम अडवतात. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी आगीपासून सुरुवात करावी लागते.

आग लागली आणि शहराला पाणी आठवलं

६ जून १८८९ ला सिएटलमध्ये मोठी आग लागली आणि शहराचा मध्यभाग जळून गेला. तेव्हा पाणीपुरवठा खासगी होता आणि आग विझवायला तो पुरा पडला नाही. पुढच्याच महिन्यात मतदान झालं. शहराने स्वतःची पाणी योजना उभारावी की नाही? हो म्हणणारे १,८७५, नाही म्हणणारे ५१.

पाणी आणायचं ठरलं कॅस्केड डोंगरांमधून उतरणाऱ्या सीडर नदीचं. लँड्सबर्ग नावाच्या ठिकाणी एक बुटका बंधारा घातला गेला आणि लाकडी फळ्यांच्या पाइपांतून १९०१ मध्ये पाणी शहरात पोहोचलं. आजही ही नदी सिएटल परिसरातल्या सुमारे १५ लाख लोकांची मुख्य तहान भागवते. त्यांना मिळणाऱ्या पाण्यातलं साधारण दोन-तृतीयांश पाणी तिचं असतं.

'धरण' म्हटलं की कोयना किंवा भातसा डोळ्यांसमोर येतं. लँड्सबर्ग तसं नाही. इथे पाणी साठवत नाहीत, फक्त वळवतात. साठवणीचा तलाव आणखी वर आहे, त्याचं नाव चेस्टर मोर्स. लँड्सबर्गच्या बंधाऱ्याचं काम नदीची पातळी थोडी उचलून पाणी पाइपात घालणं एवढंच. पण माशासाठी दोन मजली भिंत काय आणि वीस मजली काय, उडी पोहोचत नसेल तर दोन्ही सारख्याच.

कोण अडकलं?

सॅल्मन मासा नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. नदीच्या वासावरून तो घर ओळखतो. वर चढताना तो जवळपास खाणं बंद करतो. तळाच्या खड्यांत मादी शेपटीने खळगा करते आणि त्यात अंडी घालते. त्यानंतर पॅसिफिक महासागरातले बहुतेक सॅल्मन मरतात. त्यांचं कलेवर तिथेच नदीत कुजतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळा वाद त्यावरच होणार आहे.

सीडर नदीतल्या सॅल्मनचा रस्ता तसाही सोपा नाही. १९१० च्या दशकात इंजिनिअरांनी इथला भूगोलच बदलला. लेक वॉशिंग्टन हे मोठं सरोवर कालव्याने समुद्राला जोडलं, त्याची पातळी जवळपास पावणेतीन मीटर खाली आणली आणि पूर्वी दुसरीकडे जाणारी सीडर नदी या सरोवरात वळवली. त्यामुळे आज समुद्रातून येणारा मासा आधी बॅलार्ड इथल्या जहाजांच्या लॉकगेटपाशी २१ पायऱ्यांची मत्स्य-शिडी चढतो, मग भर शहरातला कालवा पार करतो, मग सरोवर आणि मग रेंटन गावाजवळ सीडर नदीत शिरतो. रेंटनचं सार्वजनिक वाचनालय चक्क नदीवर आडवं बांधलेलं आहे. शरद ऋतूत लोक तिथून खाली वाकून मासे बघतात.

तिथून वर ३५ किलोमीटर पोहल्यावर लँड्सबर्ग. आणि १९०१ पासून पुढे वाट बंद.

बंधाऱ्याच्या वर जवळपास २७ किलोमीटरची नदी आणि उपओढे अंडी घालायला उत्तम होते. पाणी थंड, किनाऱ्याला जंगल, माणसाचा वावर जवळपास शून्य. कारण पाणी स्वच्छ राहावं म्हणून शहराने वरचं जवळपास सगळं पाणलोट क्षेत्र विकत घेऊन लोकांसाठी बंद केलं होतं. सुमारे ३६७ चौरस किलोमीटर. म्हणजे शहराने नदीचा सर्वांत चांगला भाग राखला आणि नेमक्या त्याच भागातून मासा बाहेर ठेवला.

मग १९९९ मध्ये काय बदललं?

मार्च १९९९ मध्ये अमेरिकी सरकारने सिएटलच्या आसपासच्या खाडीप्रदेशातला, म्हणजे प्युजेट साउंडचा चिनूक सॅल्मन 'धोक्यात आलेला' म्हणून जाहीर केला. हा सॅल्मनमधला सर्वांत मोठा. असा मासा मारला किंवा त्याच्या अधिवासाला हानी पोहोचवली की कायद्याने जबाबदारी येते, मग करणारी महापालिका का असेना. एखाद्या दुर्गम खोऱ्याऐवजी थेट मोठ्या शहराच्या नळापर्यंत हा कायदा येऊन भिडला, म्हणून तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली.

सिएटलने कोर्टात भांडण्याऐवजी करार केला. २००० मध्ये सीडर नदीसाठी ५० वर्षांचा अधिवास संवर्धन आराखडा मंजूर झाला. सौदा साधारण असा: शहर मासे आणि जंगलासाठी ठरलेली कामं करेल, पाणलोट क्षेत्रात धंद्यासाठी झाडं तोडणार नाही, नदीत किमान पाणी सोडेल. बदल्यात ५० वर्षं पाणी उचलण्याची कायदेशीर खात्री मिळेल. लँड्सबर्गला माशांची वाट करणं हा या आराखड्याचाच भाग.

सप्टेंबर २००३ मध्ये शिडी सुरू झाली. त्याच हंगामात चिनूक आणि कोहो या दोन जातींचे सॅल्मन बंधाऱ्याच्या वर गेले. त्यांना कुणी उचलून नेलं नव्हतं. सुरुवातीला ते थोडे होते, पण त्यांनी वर अंडी घातली आणि पुढच्या वर्षांत तिथेच जन्मलेले मासे परत येऊ लागले. शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून कोणता मासा कोणाचं पिल्लू आहे हेही शोधलं. तीन-चार पिढ्यांपूर्वीच्या माणसांनी बंद केलेलं घर माशांनी एका हंगामात पुन्हा शोधून काढलं.

वर चढणं अर्धीच गोष्ट, खाली उतरायचं काय?

मत्स्य-शिडी दिसायला छान असते, फोटोही चांगले येतात. पण पाणी उचलण्याच्या जागी माशांना खरा धोका येतो तो पिल्लं खाली उतरताना.

चिनूकची बरीच पिल्लं जेमतेम चार सेंटीमीटरची असताना, म्हणजे हाताच्या बोटाच्या दोन पेरांएवढी असताना, प्रवाहाबरोबर खाली निघतात. बंधाऱ्यापाशी प्रवाहाचे दोन फाटे होतात. एक फाटा नदीत जातो, दुसरा पाइपात. पिल्लाला काय कळणार? ते पाइपात शिरलं तर थेट शहराच्या पाणी यंत्रणेत. म्हणून पाइपाच्या तोंडाशी जाळी लावतात.

जाळी लावली की काम झालं, असं वाटेल. पण साध्या जाळीनेही मासे मरतात. पाणी जोरात आत ओढलं जात असेल तर पिल्लू जाळीला चिकटतं आणि सुटू शकत नाही. चहाच्या गाळणीवर पत्ती बसते तसं.

म्हणून अमेरिकेच्या सागरी मत्स्य विभागाने सॅल्मनच्या नद्यांसाठी या जाळ्यांचे नियमच ठरवलेत. फटीची जाळी असेल तर फट १.७५ मिलिमीटरपेक्षा मोठी नको. गोल भोकांची असेल तर भोक साधारण २.४ मिलिमीटरपर्यंत. आणि जाळीतून आत जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला १२ सेंटीमीटरच्या वर नको, तोही जाळी आपोआप साफ होत असेल तरच. तशी सोय नसेल तर वेग याच्या निम्मा ठेवावा लागतो, कारण कचऱ्याने अर्धी जाळी बुजली की उरलेल्या अर्ध्यातून पाणी दुप्पट जोराने खेचलं जातं.

१२ सेंटीमीटर म्हणजे चार सेंटीमीटरच्या पिल्लाने सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या तिप्पट अंतर पोहणं. तेवढं त्याला जमतं. शिवाय जाळी प्रवाहाला तिरकी बसवतात, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरून वाहणारं पाणी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा वेगवान राहतं. पिल्लू जाळीवरून सरकत पुढे जातं आणि पुन्हा नदीत पडतं.

ही गोष्ट महाग का पडते ते एका गणितातून कळेल. समजा शहराला सेकंदाला १,००० लिटर पाणी हवंय. वेग १२ सेंटीमीटरच्या आत ठेवायचा तर किमान ८.३ चौरस मीटर जाळी लागेल, म्हणजे एका छोट्या खोलीएवढी. पाणी दहापट हवं असेल तर जाळीही दहापट, आणि ती सगळी दिवसरात्र साफ ठेवायची, पानगळीतही आणि पुरातही. जुन्या योजनांमध्ये पाइपाचं तोंड लहान आणि वेग जास्त असायचा. त्यामुळे जुन्या तोंडावर नवी जाळी ठोकून भागत नाही, अख्खं बांधकामच नव्याने करावं लागतं. लँड्सबर्गलाही शिडीबरोबर पाणी उचलण्याच्या जागी नव्या जाळ्या बसवल्या गेल्या.

उतरायची सोय नसेल तर काय होतं, हे बघायला लांब जायला नको. सिएटलच्या दक्षिणेला टॅकोमा शहर आहे. ते १९१३ पासून ग्रीन नदीचं पाणी उचलतं. तिथेही मासे अडले होते. मासे पकडून ट्रकने वर नेऊन सोडायचे, अशी यंत्रणा टॅकोमाने २००० च्या दशकात बांधली. पण वर केंद्र सरकारचं हॉवर्ड हॅन्सन हे पूरनियंत्रणाचं धरण आहे आणि त्यातून पिल्लांना सुखरूप खाली यायची वाट नाही. वर सोडायचं आणि पिल्लं धरणात अडकवायची, यात काय अर्थ? त्यामुळे यंत्रणा तयार असूनही वापराविना पडून राहिली. २०१९ मध्ये मत्स्य विभागाने उतरण्याची सोय २०३० पर्यंत करायला सांगितलं, तर २०२२ मध्ये त्यासाठी केंद्राने २२ कोटी डॉलर दिले. शहराने आपल्या हद्दीतलं काम केलं तरी नदीवरचा दुसरा मालक तयार नसेल तर मासा तिथेच राहतो.

उत्तरेकडच्या बेलिंगहॅम शहराने तिसराच मार्ग घेतला. १९६० च्या दशकातला आपला बंधारा त्यांनी २०२० मध्ये सुरुंग लावून काढून टाकला. पाणी उचलण्याची जागा थोडी वर, जाळ्यांसकट नव्याने बांधली, जिथे नदीच्या नैसर्गिक उंचीमुळे बंधाऱ्याशिवायच पाणी पाइपात येतं. शहराचं पाणी चालू राहिलं आणि सुमारे २६ किलोमीटर नदी माशांना मोकळी झाली. हे सगळीकडे शक्य नसतं, पण जिथे शक्य असतं तिथेही बहुतेक वेळा 'बंधारा आहे तो असणारच' असं धरून चालतात.

पहारा कशासाठी?

आता लँड्सबर्गच्या त्या अडवलेल्या माशांकडे येऊ.

सीडर नदीत चिनूक आणि कोहोपेक्षा कितीतरी जास्त संख्येने येणारा सॅल्मन म्हणजे सॉकाय. विणीच्या काळात लालभडक होणारा. २००६ मध्ये बॅलार्डला चार लाखांहून जास्त सॉकाय मोजले गेले होते. लँड्सबर्गच्या शिडीवर मासे वेगळे केले जातात. चिनूक आणि कोहो वर जातात, सॉकाय जात नाही.

कारण आहे कलेवर. एका सॉकायचं वजन अडीच किलो धरलं आणि समजा एक लाख मासे वर गेले, तर अंडी घालून झाल्यावर पिण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला अडीच लाख किलो मासे कुजणार. त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरणार. जंगलाला ही मेजवानीच असते. अस्वलं, किडे, काठावरची झाडं, सगळी यावर पोसली जातात. पण तेच खत पाण्यात शेवाळ वाढवतं.

आणि सीडर नदीचं पाणी गाळलं जात नाही. अमेरिकेतल्या मोजक्या मोठ्या शहरांना अशी सवलत आहे. पाणलोट क्षेत्र इतकं राखलेलं आहे की गाळण प्रकल्पाची गरज नाही, असं नियामकांनी मान्य केलंय. २००४ पासून ओझोन, अतिनील किरण आणि क्लोरिनने पाणी निर्जंतुक करतात, एवढंच. गाळण प्रकल्प उभारायची वेळ आली तर खर्च प्रचंड, आणि तो शेवटी पाणीपट्टीतूनच वसूल होणार. चिनूक आणि कोहो संख्येने कमी, त्यामुळे त्यांची कलेवरं नदी पचवू शकते. लाखांनी येणाऱ्या सॉकायबद्दल तसं म्हणता येत नव्हतं. म्हणून शहराने रेघ ओढली.

यात आणखी एक गंमत आहे. आजचा सीडर नदीतला सॉकाय मुळात या नदीचा समजला जात नाही. १९३० च्या दशकात शेजारच्या बेकर नदीतून तो इथे आणून सोडला होता. त्यामुळे धोक्यातल्या जातींचा कायदा त्याच्या मदतीला येत नाही. एका बाजूला कायद्याचं संरक्षण असलेले थोडे मासे, दुसऱ्या बाजूला संरक्षण नसलेले पुष्कळ मासे. दार कोणासाठी उघडलं, ते यावरून कळतं.

सॉकायला वर सोडत नाहीत, त्याची भरपाई म्हणून शहराने लँड्सबर्गला अंडी उबवणी केंद्र बांधलं. २०११ मध्ये ते सुरू झालं, क्षमता ३.४ कोटी पिल्लांची. पण झालं उलटंच. परतणारे सॉकाय कमी होत गेले, अलीकडे संख्या लाखांवरून हजारांवर आली आणि केंद्र भरण्याएवढी अंडीच मिळेनाशी झाली. अडचण आता लँड्सबर्गच्या खाली आहे. उन्हाळ्यात शहरातल्या कालव्याचं पाणी माशांना सोसवत नाही इतकं तापतं, त्यात रोग पसरतात आणि सरोवरात पिल्लं खाणारे मोठे मासे टपलेले असतात. अनेक सॉकाय नदीपर्यंत पोहोचण्याआधीच मरतात. ज्या गर्दीच्या भीतीने पहारा बसवला, ती गर्दी आज तरी राहिलेली नाही. चिनूकही अजून धोक्याच्या यादीतून बाहेर आलेला नाही.

नदीत पाणी किती ठेवायचं?

शिडी आणि जाळी दोन्ही परिपूर्ण असल्या तरी नदीतच पाणी नसेल तर उपयोग शून्य. मादीने खळग्यात अंडी घातल्यावर पाण्याची पातळी उतरली तर अंडी उघडी पडून सुकतात. म्हणजे शहराने किती पाणी उचललं, याबरोबर कोणत्या आठवड्यात उचललं, हेही महत्त्वाचं.

यावर सर्वांत जुना हक्क सांगणारे लोक आहेत मकलशूट, इथले मूळ रहिवासी. १८५५ च्या तहात इथल्या जमातींनी जमीन दिली, पण नेहमीच्या ठिकाणी मासेमारीचा हक्क राखून ठेवला. जवळपास १२० वर्षं तो कागदावर राहिला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा तहातल्या जमातींचा. मग पुढचा प्रश्न आलाच: नदीत मासेच नसतील तर निम्म्याचा हिशोब कशाचा? सिएटलच्या पाणी उचलण्यावर मकलशूट जमातीने आक्षेप घेतला आणि २००६ मध्ये तडजोड झाली. त्यात शहराने सीडर नदीतून उचलायच्या पाण्यावर मर्यादा मान्य केली. शहर वाढत असतानाही मर्यादा पाळता आली याचं एक साधं कारण आहे. गळती कमी झाली, नळ आणि फ्लश कमी पाण्याचे आले आणि लोकसंख्या वाढूनही परिसराचा एकूण पाणीवापर १९८० च्या दशकापेक्षा खाली आला.

तरी ताण संपलेला नाही. सिएटल पावसासाठी प्रसिद्ध असलं तरी तिथला उन्हाळा कोरडा असतो. नदी सर्वांत आटलेली असते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. चिनूक अंडी घालायला नेमका तेव्हाच येतो, आणि बागांना पाणीही तेव्हापर्यंत चालूच असतं. २०२३ मध्ये पाऊस लांबला, चेस्टर मोर्स तलाव खाली गेला. सप्टेंबरमध्ये शहराच्या पाणी विभागाने १५ लाख ग्राहकांना विनंती केली: हिरवळीला पाणी घालू नका, अंघोळ थोडक्यात आटपा. लोकांना पाणी पुरावं हे एक कारण होतं, आणि नदीत माशांसाठी पाणी राहावं हे दुसरं. सक्ती नव्हती, दंडही नव्हता. नोव्हेंबरमध्ये पाऊस आला आणि विनंती मागे घेतली गेली. तोवर लँड्सबर्गच्या वरच्या खड्यांमध्ये त्या वर्षीची अंडी घालून झाली होती.